अठरा फुटांची रेघ

अंगणात काँक्रीट कुठे घालायचं ते माझा मुलगा कंत्राटदाराला दाखवत होता. पुढे गाडीसाठी जागा. माझ्या चाकांच्या खुर्चीचा उतार मागच्या दाराला, कचऱ्याच्या डब्यांशेजारून. “तिथे बरा, आई. कोणाला दिसणारही नाही,” तो म्हणाला. चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. कापड कमी पडलं तर आम्ही बेत बदलतो, माणूस कापत नाही. “पुढच्या पायऱ्यांवरून उतार किती लांब होईल?” मी कंत्राटदाराला विचारलं. “इंचभर उंचीला फूटभर लांबी. अठरा फूट.” मी पुढच्या दारातच खुर्चीवरून उतरले, बसूनच तिन्ही पायऱ्या घसरत गेले आणि तशीच सरकत, गळ्यातल्या टेपने मापत शिवणाच्या खडूने फाटकाकडे अठरा फुटांची रेघ ओढली. “अगं आई, ही गाडीच्या जागेतून जाते.” कंत्राटदाराने वहीतला नकाशा खोडला. “मग गाडी मागे लाव,” मी हात झटकत म्हणाले, “कोणाला दिसणारही नाही.”