एकही खाडा नाही

“काल तर चालवत होतीस! एका दिवसात विसरलीस?” सुपरवायझर रवीनं विचारलं.

दर्शना मशीनकडे बघतच राहिली. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांना सील मारणारं ते धूड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती बाळंतपणाला गेली तेव्हा हे काम हातानं व्हायचं. त्यानंतर सहा महिने तिच्या पासवर तिची नणंद शीतल कामाला येत होती. टोपी आणि मास्कमध्ये नुसते डोळे दिसतात. कुणाला पत्ता लागला नाही.

यात काही चूक आहे असं त्यांच्या गडब गावात कुणाला वाटलंच नव्हतं. भाताच्या लावणीला एकीला जमलं नाही तर घरातली दुसरी जाते, दिवस भरतो, जागा राहते. सासूनं तोच न्याय रोह्याच्या कंपनीला लावला.

रवीनं तिला मास्क काढायला लावला आणि थेट ऑफिसात मॅनेजर मॅडमकडे नेलं.

“मीच दर्शना, मॅडम. मी बाळंत झाले.”

मॅडमनी हजेरीबुक उघडलं. “सहा महिन्यांत दर्शनाचा एकही खाडा नाही. अगं, साधा अर्ज दिला असतास तर पगारी रजा मिळाली असती. तुझी जागा कुणी हलवू शकलं नसतं, कायदा आहे तसा. पण या कागदावर तू बाळंत झालीसच नाहीस! मग रोज येत होती ती कोण?”

खरं सांगावं तर शीतल अडकते, गप्प बसावं तर आपली नोकरी जाते. आणि शीतल तरी खरं बोलेल का? हल्ली घरी “माझी मशीन, माझी शिफ्ट” चालायचं. काल पास परत देताना तर ती जेवलीही नव्हती. ‘मीच दर्शना’ असं ती म्हणाली तर?

शीतल फाटकाबाहेरच बाळाला घेऊन बसली होती, दर्शनाला सुट्टीत अंगावर पाजायला सोयीचं पडावं म्हणून. रवीनं डोळ्यांवरून तिला ओळखलं आणि आत आणलं.

“मॅडम, मशीन हिलाच येते,” तो म्हणाला.

“दर्शना कोण तुमच्यात?” मॅडमनी विचारलं.

शीतलनं काचेपलीकडच्या मशीनकडे एकदा पाहिलं. मग बाळ दर्शनाच्या हातात दिलं.

“ही दर्शना, माझी वहिनी. ती घरी व्हती, सह्या मी केल्या. तिला काय बोलू नका. तिची रजा लिवा न् तिची जागा तिला द्या.”

“तसं लिहून दे. हिची जागा हिला मिळेल. तुला मात्र पुन्हा फाटकातून आत येता येणार नाही.”

“नाय येत.”

दर्शनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शीतलनं पेन घेतलं, चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. सहा महिने राबून त्या कंपनीत तिनं स्वतःच्या नावाची केलेली ती पहिली सही.