दोन ताऱ्यांचा गेम

केतकीचं नव्या व्हिडिओ गेमचं परीक्षण जवळजवळ लिहून झालं होतं. डोंगरउतारावरच्या स्केटबोर्ड शर्यतीचा तो गेम टीव्हीसमोर उभं राहून, अंग झुकवून खेळायचा होता. पण उजवीकडे झुकलं की खेळाडू कधी वळे, तर कधी सरळ दरीत जाई. बाकीच्या समीक्षकांनी तर त्याची सालटीच काढली होती.

बाहेरच्या खोलीत तिचे वडील आणि सासरे पेपरात तोंड खुपसून बसले होते. तिच्या लग्नात मानपानावरून बिनसल्यापासून दोघे व्याही एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. आज नातीच्या वाढदिवसाला नाइलाजाने एकत्र आले होते.

"एकदा जोडीने खेळून बघायचंय, दोन माणसं लागतात," केतकी म्हणाली. तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून दोघे उठले.

दुसऱ्याच वळणावर वडील इतके झुकले की सासऱ्यांच्या अंगावर पडले, आणि त्यांना घेऊन सोफ्यावर. केतकी धावत पुढे झाली.

"लागलं का हो, व्याहीबुवा?" वडिलांनी घाबरून विचारलं.

"लागलं नाही. पण तुमचा गडी आधी दरीत गेला, म्हणजे मी जिंकलो," सासरे म्हणाले आणि हसू आवरेना तसे वडिलांच्याच खांद्यावर रेलले.

मग जेवायला कितीही हाका मारल्या तरी दोघे टीव्हीसमोरून हलेनात.

केतकीने गेमला पाचपैकी दोनच तारे दिले, कारण वळणं खरोखरच वाईट होती. खाली मात्र एक ओळ वाढवली : 'घरात कुणी अबोला धरला असेल, तर आजच विकत घ्या.'