फाटकाची कडी

"फाटकात नको," शेल्टरवाली मुलगी म्हणाली. "फाटक म्हणजे घरच्या कुत्र्याची हद्द. ओळख बाहेरच करायची, रस्त्यावर. समोरासमोर नाही, शेजारीशेजारी चालवत. पट्टे सैल. आणि आत जाताना दोघं एकदम."

धाकट्या सुनेने मान डोलावली. तिच्या हातातल्या पट्ट्याच्या टोकाला जे होतं, त्याला कुत्रा म्हणायला जरा धीर लागला असता. खरजेने केस गेलेले, एक कान फाटका, अंगभर औषधाचा जांभळा रंग.

"हे काय, वांगं आणलंय?" मोठे दीर हसले. त्यांच्या हातातल्या पट्ट्याला त्यांचा कुत्रा शेरा होता, तुकतुकीत, खानदानी. "आणि सांभाळणार कोण? फाटक उघडं टाकून जाणारं आपलं माणूस?"

हे धाकटीला पाठ होतं. ती बाळंतपणाला माहेरी निघाली, त्याच दिवशी तिचा कुत्रा ठिगळ्या नाहीसा झाला. निघताना तूच फाटक उघडं टाकलंस, असं भाऊजींनी सांगितलं आणि घराने ते मानलं. काही दिवस तिनेही मानलं. ती परतली तेव्हा दारात शेरा होता. आता लेक चालायला लागली तरी सासूबाई मायलेकींना एकटं अंगणात सोडत नसत. "एक कडी लक्षात राहत नाही तिच्या, मूल काय राहणार," असं त्या शेजारणीला सांगत, आणि तेही तिच्यादेखत.

मग मागे एकदा ती जुनी पांघरुणं द्यायला शेल्टरमध्ये गेली. हे जांभळं ध्यान लंगडत आलं आणि तिच्या डाव्या पावलावर बसलं. पावलावर बसणारं कुत्रं तिने आयुष्यात एकच पाहिलं होतं.

"कुठे सापडला हा?" तिने विचारलं होतं.

"नदीपलीकडच्या खाणीत."

तिथवर कुत्रं पायी जात नाही. तिथवर गाडी जाते.

घरी तिने एवढंच सांगितलं की एक बेवारशी कुत्रा आणतेय. आणि सुट्टीचा दिवस धरला. भाऊजी घरी, सासूबाई नातीला मांडीवर घेऊन पायरीवर, गाडी दाराशी. तिला एवढंच हवं होतं.

दोन्ही कुत्री रस्त्याच्या कडेने चालली. आधी मध्ये दोन माणसांचं अंतर, मग एकाचं. शेराने जांभळ्या अंगाचा वास घेतला, शिंकला, पुन्हा घेतला. मग पुढचे पाय पसरून खेळायला वाकला.

"अरे वा," मुलगी म्हणाली. "इतक्या लवकर जमत नाही कुणाचं."

"शेरा गुणाचा आहे," धाकटी म्हणाली. "त्याचा काय दोष."

परत येऊन सगळे गाडीपाशी थांबले. तिने हात पुढे केला. "भाऊजी, शेराचा पट्टा द्या माझ्याकडे. डिकीत त्याच्या खाण्याचं पोतं आहे ना? दोघांना लांब उभं करून मूठमूठ देऊ."

भाऊजींनी पट्टा दिला, किल्ली काढली. डिकी खट्‌कन उघडली.

जांभळं कुत्रं जागच्या जागी बसकण मारून जमिनीला चिकटलं. पोटाखालून मुताचा ओघळ रस्त्यावर आला. ते ओरडलं नाही, गुरगुरलं नाही, नुसतं मागे मागे सरपटत राहिलं, पट्टा ताणला जाईपर्यंत. मग तिच्या पायांमागे शिरलं आणि थरथरत डाव्या पावलावर बसलं.

हे होणार, हे तिला ठाऊक होतं. त्यासाठी येताना वाटेभर तिने त्याची मनातल्या मनात माफी मागितली होती. पण तोंड फिरवलं नाही. ती भाऊजींकडे बघत राहिली. भाऊजी कुत्र्याकडे बघत नव्हते. ते पायरीकडे बघत होते.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"ठिगळ्या?" त्या हलकेच म्हणाल्या.

जांभळी शेपटी जमिनीवर एकदा आपटली. मग पुन्हा.

"आई, आवाजाला घाबरतात कुत्री," भाऊजी म्हणाले. "गाडीच्या, फटाक्याच्या, कशाच्याही."

"मी कुठे काय म्हणाले," सासूबाई म्हणाल्या.

त्या पायऱ्या उतरून फाटकाबाहेर आल्या. नात धाकटीच्या कडेवर दिली, तिच्या हातातले दोन्ही पट्टे घेतले. लेकीने आईच्या कानातलं ओढलं, मग वाकून खाली बोट दाखवलं. "भू भू."

"हो," धाकटी म्हणाली. "आपला आहे तो."

दोन्ही कुत्री एकदम आत गेली. ठिगळ्या कुणी न सांगता जिन्याखाली गेला. तिथे शेराची गादी होती. शेरा मागोमाग गेला, घुटमळला, आणि अर्धी गादी सोडून बसला.

शेल्टरवाली मुलगी केव्हाच आपल्या स्कूटरपाशी जाऊन हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होती. भाऊजी पोतं खांद्यावर घेऊन फाटकापाशी आले.

धाकटीने आत येऊन फाटक लोटलं. लेक कडेवर होती, एक हात मोकळा होता. कडी सरकवली, हलवून पाहिली, पुन्हा एकदा हलवून पाहिली.

"अगं, मी बाहेर आहे," भाऊजी म्हणाले.

"हो का. कडी माझ्या लक्षात राहत नाही ना भाऊजी, म्हणून नीट लावतेय."

भाऊजींनी पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आई, सांग ना हिला."

सासूबाई जिन्यापाशी पाण्याचं भांडं ठेवत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"ओळख बाहेरच करायची असते म्हणे," त्या म्हणाल्या.