तंटामुक्त वळण

नकाशा खोटं बोलत नाही, असं बेलापूरच्या रस्ता सुरक्षा कचेरीत प्राचीच्या डोक्यावरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं. ते खरंही होतं. नकाशाला जेवढं सांगितलं जातं तेवढंच तो बोलतो. त्या इमारतीत हा गुण एकट्या नकाशातच होता असं नाही.

उरणकडच्या एका गावाचे माजी सरपंच जयदेव यांनी तिच्या टेबलावर शाळेचं दप्तर ठेवलं. चिखल नाही, रक्त नाही. नुसतं चपटं. आतल्या स्टीलच्या डब्याची ताटली झाली होती.

"नात हाय माजी, रुतिका. दुसरीत," ते म्हणाले. "आज सकाली रस्ता वलांडताना ट्रेलर घासून गेला. पोर वाचली, दप्तर गेलं. आमाला त्या वळनावर गतिरोधक पायजे, बाय. सिग्नल दिलास तर देवच पावला."

प्राचीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. सॉफ्टवेअर रस्त्याचे छोटे छोटे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यावरचे अपघात मांडतं आणि धोक्याप्रमाणे रंग भरतं. लाल तुकड्यांना गतिरोधक, सिग्नल, सगळं मिळतं. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं दिसत होतं. जयदेवांच्या गावाचं वळण हिरवंगार होतं.

"इथे एकही अपघात नाही, काका."

"नाय कसा? देवजीचा पाय गेला. सरस्वतीचा हात. अजून सांगू?"

"पोलिसांत नोंद?"

"नोंद कशाला? जमिनी बंदरात गेल्या, त्याच्या पैशावर गावात ट्रेलर आले. ट्रेलर आमचे, डायवर आमचीच पोरं. गावदेवीसमोर बसतो, नारल फोडतो, डायवर पाया पडतो, दवाखान्याचं बगतो. मिटलं." त्यांची मान नकळत ताठ झाली. "तंटामुक्त गावाचं बक्षीस हाय आमाला. समितीचा अध्यक्ष मीच."

सॉफ्टवेअरला गावदेवी दिसत नव्हती. त्याला फक्त पोलीस ठाणं दिसत होतं.

"मग तूच टाक ना एक लाल ठिपका," जयदेव म्हणाले. "माउस तर तुज्याच हातात हाय."

"प्रत्येक ठिपक्याला गुन्ह्याचा नंबर लागतो, काका. त्याशिवाय तो घेतच नाही. आणि यादी आज संध्याकाळी बंद होते. पुढची तीन वर्षांनी."

"तीन वर्सां? अगं, ती पोर रोज जाते-येते तिथून."

प्राचीने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "उशिरा केलेली तक्रारही घेतात. आज कुणी केली तर मी नकाशा पुन्हा चालवते. पण हातापायांनी भागायचं नाही. मृत्यूला वजन जास्त आहे." बोलून झाल्यावर तिला आपलं वाक्य ऐकू आलं. "म्हणजे… तिथे कुणी गेलंय का?"

जयदेवांनी नजर एसीकडे वळवली. "शेवंताबाईचा नवरा."

"मग त्यांना फोन लावा."

"ती नाय करायची तक्रार."

"मी बोलते. लावा तुम्ही."

"जुनी गोष्ट हाय, बाय. रायली तर बरी."

प्राचीने दप्तर उचलून त्यांच्या बाजूला सरकवलं. त्यांनी फोन लावला. नंबर पाठ असावा. बोट मात्र चुकत होतं. प्राचीने स्पीकर सुरू केला आणि एका दमात सगळं सांगितलं: तक्रार आज झाली तर वळण लाल होईल, लाल झालं तर गतिरोधक येईल, पोरं वाचतील.

"मना काय समजावतेस, बाय?" पलीकडून शेवंताबाईंचा आवाज आला. "मी तवाच ठान्याला निगालेली. रिक्षात बसलेली. जयदेवदादांनी उतरवलं. बोल्ले, मेलेला परत येनार नाय, जित्याचा संसार कशाला मोडतेस. देवीसमोर शब्द घेतला माजा." मग जरा थांबून, "दादा हायेत ना तिथं?"

"समोरच आहेत."

"मग दादा, शब्द तुमी घेतलाव, तुमीच सोडवा. नुसतं हो बोला. मी लुगडं बदलते नि निगते. डायवर म्हनून नाव निखिलचंच लिवू ना?"

जयदेवांनी फोन बंद केला.

"रेंज नाय," ते म्हणाले.

प्राचीने विचारलं, "निखिल कोण?"

"रुतिकाचा बाप."

फोन पुन्हा वाजायला लागला. जयदेवांनी तो टेबलावर पालथा घातला आणि तळहाताखाली धरून ठेवला, जणू आतलं काहीतरी बाहेर पडेल. वाजून वाजून तो थांबला.

"कचेरी सुटेपर्यंत मी इथेच आहे, काका," प्राची म्हणाली.

जयदेव उठले. दारापाशी पोचल्यावर वळले.

"दुसरा कोनी मेला असंल तर बगतो," ते म्हणाले. "गावात इचारून."

कचेरी सुटेपर्यंत कुणी आलं नाही. यादी बंद झाली. एकही अपघात नसलेला रस्ता म्हणून त्या वळणावरची वेगमर्यादा चाळीसवरून साठ करण्यात आली.