बारावा फर्मा

“आजी, माझ्या पुस्तकात मीठ घालून द्या.”

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत खळीचा ब्रश चालला होता, तो थबकला. दारात नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी. नाक लाल, डोळे सुजलेले, छातीशी घट्ट धरलेला ‘उलट्या डोंगराची राणी’, भाग चौथा.

खोलीतल्या बाईंना सगळं गाव डिंकआजी म्हणे. चाळीस वर्षं त्या ग्रंथालयाची फाटकीतुटकी पुस्तकं शिवत होत्या. वाचलं मात्र एकही नव्हतं. “शिंपी कधी गिऱ्हाइकाचे कपडे घालून फिरतो का?” असं विचारून त्या समोरच्याला गप्प करत. पण चाळीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नाही, ही त्यांची मिजास. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त व्हायच्या होत्या, आणि निरोपाच्या मानपत्रात हेच वाक्य पहिलं घालायचं, असं त्यांनी ग्रंथपालाला बजावून ठेवलं होतं.

मुलगी गावात नवी होती. तिनं हुंदके देत हकिगत सांगितली. इथल्या ‘राणी’ मंडळाचे सभासद एकमेकांना नमस्कार करत नाहीत. एकानं म्हणायचं, “मीठ जरा कमीच पडलंय,” की दुसऱ्यानं गरजायचं, “शरण ये, नाहीतर मर!” तिला यातलं काहीच कळेना, कारण तिच्या चौथ्या भागात मीठच नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष होते एकाहत्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी तिची प्रत नाकाशी धरून तपासली आणि निकाल दिला, “छपाईची चूक! बाळ, तुझ्या पुस्तकातला गाभाच गळलाय.”

डिंकआजींनी ग्रंथालयाची प्रत काढली आणि जन्मात पहिल्यांदा पुस्तक वाचलं. पान एकशे शहात्तर. ऐन युद्धात जादूगारानं राणीच्या गळ्याला तलवार लावली आणि तो म्हणाला... पान संपलं. “मीठ जरा कमीच पडलंय.” पुढची सोळा पानं तो राणीला चमच्यानं सूप पाजत होता.

मुलीच्या प्रतीत तो त्याच जागी म्हणत होता, “शरण ये, नाहीतर मर!”

आजींनी धावत जाऊन दुसरा भाग आणला. तिथे स्वयंपाकघरात जादूगारानं सूप चाखलं, मिशा पुसल्या, पान संपलं, आणि तो म्हणाला, “शरण ये, नाहीतर मर!”

अकरा वर्षांपूर्वी हे दोन्ही भाग एकाच दिवशी खिळखिळे होऊन त्यांच्या टेबलावर आले होते. पुस्तक बनतं सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं. त्या घडीला फर्मा म्हणतात. दुसऱ्या भागाचा बारावा फर्मा चौथ्यात शिवला गेला होता आणि चौथ्याचा दुसऱ्यात. आकडे चोख जुळत होते. आजींनी आकड्यांपलीकडे पाहिलंच कुठे होतं?

गावात पुस्तकांचं दुकान नव्हतं. अकरा वर्षं सगळं गाव याच प्रतींवर पोसलं होतं. लढता लढता जादूगारानं काळ मागे फिरवला, असा अर्थ सगळ्यांनी लावला होता. त्या जागी मुलं ढसाढसा रडत. पोस्टमास्तरांनी तर ‘मीठ आणि काळ’ असा नव्वद पानी प्रबंध रचला होता, आणि उद्या तो ऐकायला खुद्द लेखिका येणार होती.

“होईल ना आजी उद्यापर्यंत?”

“बाई गं,” आजी म्हणाल्या, “उसवायचं कुणाचं, तेच कळत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. प्रबंधाच्या सातव्या पानावरच लेखिकेनं हात वर केला. चौथा भाग मागवला, वाचला, पुन्हा वाचला.

“हे मीच लिहिलंय,” ती चाचरत म्हणाली, “पण इथे नाही लिहिलेलं.”

मग अकरा वर्षांचा हिशेब विसरून पोस्टमास्तरांनी नव्या मुलीकडे बोट वळवलं. “काल ही मागच्या खोलीत गेली होती! पुस्तक काखेत मारून! पानं हिनंच बदलली!”

ऐंशी डोळे मुलीवर रोखले गेले. ती खुर्चीत बोटभर उरली.

मागच्या रांगेत डिंकआजी उठल्या. त्यांना ते मानपत्र दिसत होतं, त्याचं पहिलं वाक्यही दिसत होतं.

“तिच्याकडे काय बघता? फर्मा माझ्या हातून चुकला. अकरा वर्षं झाली. पोरीचं पुस्तक बरोबर आहे.”

पोस्टमास्तर प्रबंध पोटाशी धरून मटकन खाली बसले. आजी कुणाकडे न बघता मागच्या खोलीत आल्या. सुया, दोरा, दाभण डब्यात भरू लागल्या. पुढच्या महिन्याची वाट कशाला बघायची?

बऱ्याच वेळानं दार वाजलं. लेखिका होती. हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा.

“माफ करा हो,” आजी म्हणाल्या. “तुमच्या कथेची खिचडी केली मी.”

“दहावा भाग,” लेखिकेनं गठ्ठा टेबलावर आदळला. “तीन वर्षं पिशवीत घेऊन हिंडतेय. जादूगाराला चौथ्या भागात मारून बसले, तेव्हापासून माझ्या पुस्तकात मीठच नाही. तेवढा शिवून द्या.”

आजींनी डोळे पुसले, चष्मा चढवला, सवयीनं कोपरे चाळले. मग पुन्हा चाळले.

“अहो, पण यावर पानांचे आकडे कुठे आहेत?”

“मघापर्यंत होते,” लेखिका म्हणाली. “आत्ताच जिन्यात बसून खोडले.”