पुढचं वाक्य

जीवनगौरवाच्या भाषणाचा कागद नटसाहेबांनी सवयीनं, काही विचार न करता, विंगेतल्या नानांच्या हाती दिला. नाना त्यांचे प्रॉम्प्टर. तीस वर्षं साहेबांना अडलेला शब्द न् शब्द त्यांनीच पुरवलेला.

साहेबांनी दिग्दर्शकांचे आभार मानले, बायकोचे मानले, अगदी ड्रायव्हरचेही मानले. मग “आता माझ्या पाठांतराचं म्हणाल तर...” म्हणाले आणि गाडी अडली. नजर आपोआप विंगेकडे वळली. नानांनी चष्मा सावरला, कागदावर बोट ठेवलं आणि कुजबुजले, “मला जन्मात कधी प्रॉम्प्टर लागला नाही.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं साहेबांना.


ऐकू गेलं नसावं, असं वाटून नानांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.