तासभर थंड होऊ द्या

"परत देवनहळ्ळी?" फोनवरचा निरोप वाचून सुशांतने विचारलं. "काका, सलग सातवा गुरुवार."

"स्वल्प लूज कनेक्शन असेल," रघुनंदनराव म्हणाले आणि पिशवीत पक्कड, टेस्टर भरू लागले. इस्त्रीचा शर्ट त्यांनी निरोप यायच्या आधीच घातला होता.

"आज मीही येतो. गाडी आहे."

पिशवीतला हात क्षणभर थांबला. "सरी सरी, बरं, चल."

तीस वर्षांत रघुनंदनरावांनी बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरांतून चौदा जुनी गेम मशिनं जमवली होती. उंच, लाकडी, नाणं टाकून खेळायची. चामराजपेटेतलं एकट्या माणसाचं घर. पण संध्याकाळी सगळी एकदम लावली, की आत वीसेक पोरं भांडतायत असं शेजाऱ्यांना वाटे. मग पुण्याचा सुशांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आला आणि म्हणाला, "काका, हा छंद नाही, बिझनेस आहे." खरोखरच निघाला. व्हाइटफील्डच्या कंपन्यांत, कँटीनच्या कोपऱ्यांत, एकेक करत तेरा मशिनं भाड्याने गेली. चौदाव्याचा पडदा फुटका, म्हणून ते राहिलं. आता संध्याकाळी घरात फ्रिजचा आवाज ऐकू येई.

तेरातलं एकच मशीन कुणाच्या घरी गेलं होतं. देवनहळ्ळीच्या कस्तुरीअक्कांनी ते मे महिन्यात नातवासाठी घेतलं. नातू परत गेला, मशीन राहिलं. अक्का कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. नव्या लेआउटमधल्या बंगल्यात एकट्या राहायच्या. शेजारचे तिन्ही बंगले अजून नुसत्या विटांचे.

"ती बाई स्वतःच वायर काढते," हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाडी अडकली तसा सुशांत म्हणाला. "फिजिक्सवाली आहे, तिला काय अवघड? मग तुम्ही जाणार, कॉफी, दुपारभर गप्पा. कोरमंगलाचा कॅफे महिनाभर या मशीनसाठी मागे लागलाय. आपल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहे काका, कस्टमरने मागची फळी उघडली तर मशीन परत. आज पुरावा मिळाला तर उद्या टेम्पो."

रघुनंदनराव खिडकीबाहेर बघत राहिले. "एकटं माणूस रे," ते म्हणाले. "एकटं माणूस वायरही काढतं."

"सॉरी काका, पण बिझनेस आहे."

दार उघडंच होतं. "या हो," अक्का म्हणाल्या. "आज लवाजम्यासकट?"

"कधीपासून बंद आहे?" सुशांतने चपला काढता काढताच विचारलं.

"गेल्या गुरुवारपासून. तुमच्या काकांची पाठ वळली आणि बंद."

एरवी या कामाला रघुनंदनरावांना दोन तास लागत. आज सुशांत डोक्यावर उभा, म्हणून पाच मिनिटांत झालं. चार स्क्रू काढून फळी बाजूला, आतली लाल वायर सैल, ती आवळली. पडदा उजळला, मशीनने आपली जुनी धून वाजवली आणि अक्कांनी उगाच टाळ्या वाजवल्या.

सुशांतचा नियम होता, दुरुस्तीनंतर चालू पडद्याचा फोटो काढायचा. त्याने तो काढला, आणि सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये काकांनी दर गुरुवारी पाठवलेले मागचे फोटो शोधू लागला.

रघुनंदनरावांनी नेहमीसारखा प्लग काढला. "तासभर थंड होऊ द्या, मग लावा." मग फळी हातात घेऊन म्हणाले, "अक्का, कॉफी मिळेल?"

अक्का आत गेल्या. रघुनंदनराव मशीनमागे वाकून फळी बसवत राहिले. सुशांतने मोबाइलवरून मान वर केली ती कॉफीचे तीन लोटे आले तेव्हाच.

"अक्का, गेल्या गुरुवारच्या फोटोत तुमचा सगळ्यात मोठा स्कोअर अठ्ठेचाळीस हजार. आज एकसष्ट. बंद मशीनवर कुणी खेळलं?"

रघुनंदनरावांनी लोटा खाली ठेवला. हे आकडे दर गुरुवारी त्यांनाही दिसत. ते कधी बोलले नव्हते.

"मीच," अक्का म्हणाल्या. "आठवडाभर खेळते. करायचंय काय दुसरं?"

"म्हणजे फळी तुम्हीच उघडता."

"उघडते की. गुरुवारी दोनदा. सकाळी ती लाल वायर सैल करायला."

"बघा काका!" सुशांत उठलाच. "उद्या सकाळी टेम्पो."

"येऊ दे," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्यांदा कधी उघडते, ते नाही विचारलंत?"

"कधी?"

"संध्याकाळी. हे फाटकाबाहेर गेले की. वायर घट्ट करायला."

"संध्याकाळी घट्ट कशाला? तोवर काका दुरुस्त करून गेलेले असतात ना!"

"मशीन लावा बघू."

"अजून तास झाला नाही," रघुनंदनराव घाईघाईने म्हणाले.

सुशांतने प्लग लावला, बटण दाबलं. दहा मिनिटांपूर्वी दुरुस्त झालेल्या मशीनचा पडदा काळाच राहिला.